एकशे वीस शिंपले आणि माझी बायको

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी साडेसात.

ओब्दुलिया गेली. म्हणजे कामावर गेली. बंदरावरच्या शिंपले साफ करायच्या कारखान्यात. पायात गुडघ्यापर्यंत पांढरे रबरी बूट, डोक्याला जाळीची टोपी, हातात डबा. सत्तावन्न वर्षांची बाई शाळेच्या पहिल्या दिवसासारखी निघाली. दारात म्हणाली, सूप कालचं आहे, गरम करून घे. 

एकतीस वर्षं या खानावळीत तिने व्हिएरा साफ केले. आमच्या खाडीचा हा हाताच्या पंजाएवढा, पंख्यासारखा शिंपला खायला लोक सांतियागोहून गाडी काढून यायचे. माझ्या खानावळीत. पाटीवर माझं नाव आहे, पादीन. आणि आता तेच शिंपले ती दुसऱ्यासाठी साफ करणार. याला गद्दारी म्हणतात. दुसरा शब्द असला तर मला माहीत नाही.

ठराव: ती माफी मागेपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही.

त्याच दिवशी, दुपारी साडेतीन.

बोललो. पण ओरडून बोललो, त्यामुळे ते धरत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार.

मूळ हकीकत लिहून ठेवतो, नाहीतर लोक म्हणतील शेनारो उगाच चिडतो. मी उगाच कधीच चिडत नाही.

गेल्या महिन्यात आरोग्य खात्याची एक बाई आली. वय पंचवीस असेल. मला आजोबा म्हणाली. (मी एकसष्ट.) म्हणाली, आजोबा, इथे जिवंत व्हिएरा उघडायचे नाहीत. समुद्रात बारीक शेवाळ वाढतं, त्याचं विष शिंपल्याच्या काळ्या पिशवीत साठतं आणि माणसाच्या पोटात गेलं की स्मरणशक्तीवर उठतं. ती पिशवी परवानाधारक जागीच काढायची, तपासणी करून. तुम्ही साफ केलेला पांढरा गर विकत घ्या आणि हवं ते शिजवा.

मी म्हणालो, माझ्या आजोबांनी काळ्या पिशवीसकट खाल्ले आणि चौऱ्याण्णव वर्षं जगले. त्यावर ओब्दुलिया आतून म्हणाली, शेवटची चार वर्षं ते गाढवाला आजीच्या नावाने हाक मारायचे. परक्या बाईसमोर हे बोलली.

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणालो, आत्ता तुमच्यासमोर एक पिशवीसकट खाऊन दाखवतो. बाई म्हणाली, मी तुम्हाला अडवू शकत नाही, फक्त वेळ लिहून ठेवावी लागेल. आणि खरोखर घड्याळाकडे बघितलं. मी खाल्ला नाही. नुकतंच जेवण झालं होतं.

आठ दिवसांत कारखान्याने ओब्दुलियाला बोलावलं. तिच्या हाताला वेग आहे, म्हणाले. तिने त्याच संध्याकाळी होकार कळवला. मला विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण तेव्हा मी फुटबॉलची मॅच बघत होतो. मॅच बघणाऱ्या माणसाला विचारणं म्हणजे न विचारणंच.

९ नोव्हेंबर, रविवार.

पोन्तेव्हेद्राहून तीन गाड्या आल्या. चौदा माणसं. व्हिएरा आहेत का? मी म्हणालो, आज समुद्राची तब्येत बरी नाही, ऑक्टोपस घ्या. एक म्हातारी म्हणाली, तुमच्या ओब्दुलियाबाईंना विचारा ना. चौदाच्या चौदा उठून गेले.

राहिले फक्त बेलार्मिनो मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यापासून खिडकीजवळच्या टेबलावर बसतात आणि जगाला मार्क देतात. त्यांना अंडी करून दिली. म्हणाले, शेनारो, ही तळली आहेस की विझवली आहेस?

ठराव: व्हिएरा मी स्वतः करणार. साफ करणं, शिजवणं, सगळं. एकतीस वर्षं रोज बघितलंय, त्यात शिकायचं काय? मास्तरांना बोललो. ते म्हणाले, बघितलंस कुठून? तू कायम दाराच्या बाहेरच्या बाजूला असायचास. मी म्हणालो, दार उघडं असायचं.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

मेव्हण्याकडे गेलो. अमारो. ओब्दुलियाचा धाकटा भाऊ, स्वतःची होडी आहे, मोसमात व्हिएरा काढतो. म्हणालो, सरावासाठी चार जिवंत व्हिएरा दे. तो जाळं शिवत होता, मान वर केली नाही. म्हणाला, दाजी, माझा प्रत्येक शिंपला धक्क्यावर नोंदवला जातो. चार कमी भरले तर माझा परवाना जाईल. मी म्हणालो, नातं मोठं की परवाना? म्हणाला, परवाना.

इतकं स्पष्ट. विचारसुद्धा केला नाही.

वर म्हणतो, ताईला विचारा ना, संध्याकाळी तासभर दाखवेल. तिच्याकडून शिकायचं म्हणजे मी चुकलो असं कबूल करण्यासारखं आहे. अमारोची बारशापासूनची अक्कल मला माहीत आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपार.

वडिलांची जुनी वल्ह्याची होडी काढली. व्हिएरा वाळूत सपाट बाजू वर करून पडलेला असतो, त्यावरून लोखंडी फणी ओढली की आत येतो. पोर्तो कालवाच्या किनाऱ्यासमोर वाळू आहे हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. कोणाच्या परवानगीची गरज नाही. समुद्र खात्याचा नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

हात आखडलेत. थोडक्यात लिहितो.

तीन तासांत तीन व्हिएरा. दोरी गुंतली, वल्हं गेलं, ओहोटीने होडी बेटाच्या दिशेने निघाली. मी ओरडत नव्हतो, आवाज तपासत होतो. अमारो आपल्या होडीतून परत येत होता, त्याने दोर टाकला आणि मला ओढत आणलं. साऱ्या धक्क्यासमोर, एखाद्या मेलेल्या डॉल्फिनसारखं.

बादलीत डोकावून म्हणाला, दाजी, ही तर बालवाडीतली पोरं आहेत. नियमाच्या मापाची नाहीत. आणि तिन्ही उचलून पाण्यात टाकले. तिन्ही शिंपले उघडझाप करत पळाले. कोणाच्या तोंडातली कवळी निसटून पोहत जावी तसे. शिंपल्याला कडेने शंभर-दोनशे डोळे असतात म्हणतात. त्या सगळ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून गेले.

अमारोने ही गोष्ट कोणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली. मी खानावळीत पोचायच्या आत मास्तरांना माहीत होती.

ओब्दुलियाने पाठीला मलम लावलं.  हातांना कारखान्याच्या साबणाचा वास येत होता. मी तोंड फिरवून घेतलं. पाठच चोळत होती, त्यामुळे तिला कळलं नसावं.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

मोठी बातमी. मच्छीमार संघाचं सान्ता लुसियाच्या सणाचं जेवण माझ्याकडेच. १३ डिसेंबर, साठ माणसं. दरवर्षी माझ्याकडेच असतं, पण या वर्षी संघाचे अध्यक्ष जरा आढेवेढे घेत होते. म्हणाले, ओब्दुलिया नाही तर जमेल ना रे? म्हणालो, व्हिएरा मिळतील. माणशी दोन. एकशे वीस. पादीनचा शब्द आहे.

हे जेवण नीट झालं की गावात कोणाची काय किंमत आहे ते कळेल. ओब्दुलियाही येणार, कारखान्यातल्या बायकांबरोबर, पाहुणी म्हणून. येऊ दे. खाऊ दे. मग विचारीन, कसे झालेत?

जेवणानंतर ती माफी मागेल आणि नाताळपर्यंत स्वयंपाकघरात परत येईल. तारीखही ठरवली आहे: २० डिसेंबर.

२६ नोव्हेंबर, बुधवार.

एकशे वीस व्हिएरा आणायचे कुठून, हा एक लहानसा प्रश्न आहे.

कारखान्याचा गर घेणार नाही. ट्रेवर साफ करणाऱ्याच्या नावाचं लेबल असतं. माझ्या बायकोचं नाव छापलेला गर मी माझ्या खानावळीत विकत आणायचा? आधी समुद्रात उडी मारीन.

२ डिसेंबर, मंगळवार.

प्रश्न सुटला. विल्यागार्सियाच्या सुपरमार्केटमध्ये गोठवलेले शिंपले मिळतात. पिशवीवर दुसऱ्या महासागराचं नाव आहे. आकाराने बटणाएवढे. पण वर कांदा, हॅम, पांढरी वाईन आणि ब्रेडचा चुरा घालून भट्टीत टाकलं की कोण बघतं? एका शिंपल्यात दोन-तीन ठेवले की झालं. लोक व्हिएरा खातात ते वरच्या मसाल्यासाठी. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

फोनवर साबेलाला सांगितलं. ही आमची मुलगी, झुरिकला असते. म्हणाली, पप्पा, त्या जेवणाला जे साठ लोक येणार, ते सगळे आयुष्यभर व्हिएराच काढतात ना? मी म्हणालो, हो, म्हणूनच. त्यांना रोज बघून बघून चव राहिलेली नसते. तिने पुन्हा विचारलं, साठच्या साठ? फोनची लाईन खराब असावी.

६ डिसेंबर, शनिवार.

आणखी एक लहानसा प्रश्न: रिकामे शिंपले. गोठवलेला गर नुसताच येतो, आणि व्हिएरा त्याच्या शिंपल्यातच वाढतात. आमच्याकडे परसात ढीग होता. शोधला. ओब्दुलियाने दोन वर्षांपूर्वीच बागेच्या वाटेवर ठेचून टाकला म्हणे, मीच सांगितलं होतं म्हणे. मी असं कशाला सांगेन? (वाट चांगली झाली आहे.)

पण डोकं चालवणाऱ्या माणसाला मार्ग सापडतो. चर्चजवळचा दुकानदार सांतियागोला चालत जाणाऱ्या यात्रेकरूंना गळ्यात अडकवायला व्हिएराचे शिंपले विकतो. कळपाने येतात हे यात्रेकरू. आमचा शिंपला छातीवर मिरवतात आणि आमच्या खानावळीत येऊन फक्त पाणी मागतात. पण आज पहिल्यांदा उपयोगी पडले. एकशे वीस घेतले. खोलगट, पांढरेशुभ्र, एकसारखे. दुकानदाराने विचारलं, एवढे यात्रेकरू कुठून आले? मी म्हणालो, साठ. चालत नाही, जेवत येणार आहेत.

१२ डिसेंबर, शुक्रवार.

सगळं तयार. कांदा चिरला. बोट चिरलं. हॅम चिरलं. टेबलं मांडली. फार शांत वाटतंय. ओब्दुलिया कामावरून आली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. एवढंच म्हणाली, मदत हवी असेल तर सांग.

मी म्हणालो, मदत ज्यांना लागते त्यांना विचार.

ती जिना चढून गेली. चांगलं उत्तर होतं. लक्षात राहावं म्हणून लिहिलं.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळ.

लिहिणार नव्हतो.

लिहितो. कारण गावात जी गोष्ट फिरते आहे ती वाढवलेली आहे. आगीचा बंब आला नव्हता. फक्त फोन केला होता.

यात्रेकरूंच्या शिंपल्याला वरच्या बाजूला दोन भोकं असतात. दोरी ओवायला. मी ती बघितली नव्हती असं नाही. बघितली होती. सुबक वाटली होती.

एकशे वीस शिंपले, दोनशे चाळीस भोकं. वाईन आणि तेल त्यातून भट्टीच्या तळाला गळलं. पहिला घाणा नीट बाहेर निघाला, दुसरा घातला आणि धूर निघाला. आधी पांढरा. मग काळा. शिवाय त्या दुकानदाराने शिंपल्यांवर चकाकीसाठी काहीतरी फासलेलं होतं. त्याचा वास अजून पडद्यांत आहे. लाकूड, रंग आणि समुद्र एकत्र जळल्यासारखा.

पहिला घाणा बाहेर गेला होता. साठ माणसं काटे हातात घेऊन बसली होती. मी दारातून बघत होतो. अध्यक्षांनी पहिला घास घेतला आणि चावायचे थांबले. मग त्यांच्या शेजारच्याने. मग सगळं टेबल. कोणी ओरडलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. बेलार्मिनो मास्तरांनी काट्यावर तो बटणाएवढा गर वर धरला, प्रकाशात बघितला आणि हळू आवाजात म्हणाले, शेनारो, हा कुठल्या वर्गातला?

कोणीतरी हसलं. मग एका म्हाताऱ्याने ताटली पुढे ढकलली. बस, ढकलली. तेवढ्यात माझ्या मागून धूर आला.

भट्टी बंद करायचा खटका कुठे आहे हे मला सापडेना. खिडकी उघडेना. डोळ्यांतून पाणी येत होतं. धुरामुळे. मी एका क्षणी दाराकडे बघितलं. ओब्दुलिया तिसऱ्या टेबलावर बसली होती. निळा ड्रेस घातला होता, आमच्या साबेलाच्या लग्नातला. माझ्याकडे बघत होती. उठेल, आत्ता उठेल, असं वाटलं. एकतीस वर्षं काही जळालं, काही सांडलं, काही फुटलं की ती कुठेही असली तरी यायची.

ती बसून राहिली. हातात पावाचा तुकडा होता. तो तिने खाल्लाही नाही आणि खालीही ठेवला नाही.

शेवटी अमारो आत आला आणि त्याने भिंतीमागचा खटका बंद केला.

पाहुणे पाव, चीज खाऊन, वाईन पिऊन लवकर उठले. अध्यक्ष जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेले. तेच सर्वांत वाईट होतं.

१५ डिसेंबर, सोमवार.

तिला विचारलं. सकाळी ती बूट घालत होती तेव्हा. विचारलं की साठ माणसांसमोर नवरा धुरात गुदमरत होता आणि तू पाव धरून बसलीस?

ती म्हणाली, तू हाक मारली नाहीस.

मी म्हणालो, हाक कशाला मारायला हवी? आजवर कधी मारली होती?

म्हणाली, तेच सांगते आहे. आजवर कधी मारली नाहीस. मग दुसरा बूट घातला. म्हणाली, शेनारो, मी तुला सोडलेलं नाही. मी स्वयंपाकघर सोडलं. तिकडे मी एक ट्रे संपवला की कोणीतरी माझं नाव घेऊन म्हणतं, ओब्दुलिया, छान. इथे लोक म्हणायचे, पादीनचे व्हिएरा छान. तू बाहेर उभा राहून आभार मानायचास.

कामावर गेली.

मी दिवसभर उत्तर शोधतोय. सापडलं की लिहीन.

१९ डिसेंबर, शुक्रवार.

सापडलं नाही. पण राग कमी झालेला नाही, ही जमेची बाजू.

२४ डिसेंबर, बुधवार.

साबेला आली नाही, सुट्टी मिळाली नाही. आम्ही दोघंच. ओब्दुलियाने व्हिएरा केले. कारखान्यातून साफ करून आणलेले. चार. मी खाणार नव्हतो.

दोन खाल्ले.

काय लिहू. पांढरा गर असा की काटा लावला की सुटतो आणि तरी दाताला कळतो, कडेची केशरी जीभ गोडसर, कांदा विरघळलेला. आयुष्यभर मी हे लोकांच्या पुढ्यात ठेवलं. स्वतः कधी बसून गरम खाल्ले होते का, आठवत नाही. तीही कधी बसली नव्हती. आज दोघंही बसलो होतो.

चांगले झालेत, असं म्हणणार होतो. म्हणालो, हॅम जरा जास्त आहे.

८ जानेवारी, गुरुवार.

आठवडाभरात खानावळीत सहा गिऱ्हाइकं. त्यांतले चार मास्तरच, वेगवेगळ्या दिवशी.

आरोग्य खात्याला सणसणीत पत्र लिहिलं होतं: पादीन खानावळीला स्वतः व्हिएरा साफ करायची परवानगी ताबडतोब मिळालीच पाहिजे, चार पिढ्यांचा व्यवसाय आहे. आज उत्तर आलं. चार पिढ्यांबद्दल एक शब्द नाही. म्हणे, खानावळीत साफ करता येणार नाही. पण यंदापासून साफ केलेला माल हाताळायचा आणि विकायचा तर एका माणसाकडे प्रमाणपत्र हवं. प्रशिक्षण सहा मंगळवार, संघाच्या सभागृहात, संध्याकाळी साडेपाच. काळी पिशवी ओळखून वेगळी करण्याचं प्रात्यक्षिक आवश्यक. फॉर्म सोबत जोडला आहे.

एकसष्टाव्या वर्षी मला शाळेत घालतायत. फॉर्म फाडला.

११ जानेवारी, रविवार.

फॉर्म चिकटवला. भरायचा म्हणून नाही. त्यात काय मूर्खपणा लिहिलाय ते नीट वाचता यावं म्हणून.

२० जानेवारी, मंगळवार.

अमारो आला. टेबलावर फॉर्म बघितला. म्हणाला, दाजी, हे चांगलं केलंत. मी म्हणालो, मी काही केलेलं नाही. तो म्हणाला, सही तर केली आहे. मी म्हणालो, पेन चालतं का ते बघत होतो. त्याने फॉर्म खिशात घातला आणि जाता जाता संघाच्या कार्यालयात देऊन आला. माझ्या नकळत. म्हणजे मी खिडकीतून बघत होतो, पण हाक मारून थांबवलं नाही. थंडी होती.

ठीक आहे. जाईन. आत राहून त्यांचं पितळ उघडं पाडीन. शिकवायला कोणीतरी शहरी पोरगी असेल, जिने व्हिएरा फक्त चित्रात पाहिलाय. पहिल्याच तासाला चार प्रश्न असे विचारीन की दुसरा तास होणार नाही. प्रश्न तयार केले आहेत.

३ फेब्रुवारी, मंगळवार.

शिकवायला ओब्दुलिया आहे.

कारखान्याने पाठवली. तिने मला सांगितलं नव्हतं. म्हणाली, यादीत तुझं नाव काल संध्याकाळी बघितलं, मला वाटलं दुसरा कोणी पादीन असेल. घरी बोलली नाही कारण मी मॅच बघत होतो.

वर्गात अठरा जण. बहुतेक विशी-पंचविशीतले. मला दाढीवरही जाळी लावायला लावली. आरशात बघितलं. सापळ्यात अडकलेल्या खेकड्यासारखा दिसतो.

तिने मला सगळ्यांसारखंच अहो-जाहो केलं. पादीनसाहेब, हातमोजे. मी चार प्रश्नांचा कागद खिशात चाचपला. मग ती बोलायला लागली. व्हिएराचं वय शिंपल्यावरच्या वर्तुळांवरून कसं ओळखायचं, सपाट झाकणाला चाकू लावून स्नायू कसा कापायचा, झालर कुठून धरायची, काळी पिशवी बोटाने न फोडता कशी उचलायची. न अडखळता बोलत होती. सगळे वहीत लिहून घेत होते. मी तिला एवढा वेळ सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

एक प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं. बाकीचे तीन विचारले नाहीत. वेळ संपली होती.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.

मागच्या आठवड्यात कार्निव्हलची सुट्टी होती. आज सराव. शेजारची मुलगी मिनिटाला दोन करते. माझा पहिलाच फुटला, काळं पाणी मोज्यावर. ओब्दुलिया मागून आली, माझा अंगठा धरला, अर्धा इंच खाली सरकवला.  पुढच्याकडे गेली.

अर्धा इंच खाली सोपं जातं, हे खरं आहे. चाकूच वाईट होता.

१० मार्च, मंगळवार.

पुढच्या आठवड्यात परीक्षा. मला भीती नाही. मास्तरांना सांगितलं, पहिला येईन. ते म्हणाले, मी तुझ्या प्रत्येक परीक्षेच्या वेळी हेच ऐकलंय, आणि तुला चौथीत दोनदा मीच बसवलंय.

पास झालो की पाटी नवीन करणार. "पादीन" हे नाव तसंच. खाली बारीक अक्षरांत काहीतरी घालावं असा विचार आहे. काय ते ठरलेलं नाही.

१७ मार्च, मंगळवार. रात्री आठ.

परीक्षा झाली. प्रत्येकी वीस व्हिएरा, वीस मिनिटं. माझे तेरा झाले.

ओब्दुलिया ट्रे घेऊन एकेकाजवळ थांबत होती. माझ्याजवळ आली. चिमट्याने माझे गर उलटेसुलटे केले. तेरापैकी चारांत काळ्या पिशवीचा कण राहिला होता. मला दिसला नव्हता. तिने दाखवल्यावर दिसला, राईएवढा.

म्हणाली, पादीनसाहेब, एवढ्यानेसुद्धा माणूस आपल्या मुलीचं नाव विसरू शकतो.

मी उत्तर तयार ठेवलं होतं. नाव, अनुभव, चार पिढ्या, एकतीस वर्षं, सगळं. आठवडाभर पाठ केलं होतं. अठरा जण बघत होते. तिने कार्डावर लिहिलं, पुन्हा. अठरापैकी एकट्याला. म्हणाली, पुढच्या मंगळवारी परत यावं लागेल, याल का?

मी म्हणालो, हो, बाई.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. ती हसली नाही. कार्डावर तारीख घातली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

घरी दोघं एकत्रच चालत आलो. ती पुढे, मी दोन पावलं मागे. माझे पाय दुखत होते.

मंगळवार, साडेपाच. चाकू आपापला आणायचा आहे. माझ्याकडे तसा चाकू नाही. तिच्याकडे दोन आहेत. मागावा लागेल.